जावई आतून पुढे गेला

स्वतःची बायको हात हलवत आपल्याला मागे टाकून निघून जाते, हे दृश्य फार थोड्या नवऱ्यांना उघड्या डोळ्यांनी बघावं लागतं. ज्यांना लागतं ते शहाणे असतील तर गिळून टाकतात. काटेकोर साहेबांनी गिळलं नाही. त्यांनी त्याचा अर्ज केला.

'काटेकोर' हे काही त्यांचं आडनाव नव्हे. वजनमापे खात्यात ते निरीक्षक होते, आणि हे नाव इमारतीतल्या पोरांनी ठेवलेलं. मोठी माणसं ते त्यांच्या माघारी वापरत. पितळी वजनांची मखमली पेटी घेऊन साहेब दुकानात शिरले की दुकानदार आधी तराजू पुसायचा आणि मग कपाळ. साहेबांना त्या घामाचा अभिमान होता. वस्तू वजनाला उतरते किंवा उतरत नाही, मधलं काही नसतं, असं त्यांचं मत. माणसांनाही ते हाच न्याय लावत, आणि त्यांचा जावई पहिल्या दिवसापासून त्यांच्या हिशेबी थोडा कमीच भरला होता.

तसा जावयात दोष म्हणाल तर एकच, तो हसतमुख होता. हॉस्पिटलांतली यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तो कामाला होता. कंपनीची गाडी घेऊन गावोगाव फिरायचा, बंद पडलेलं यंत्र चालू करायचा आणि हसत घरी यायचा. आणि हसणारा दुकानदार हमखास मापात मारतो, हा साहेबांचा खात्यातला अनुभव.

तर झालं असं की, बायकोच्या थोरल्या भावाचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं आणि त्याला बघायला सगळ्यांनी मिळून शेजारच्या शहरात जायचं ठरलं. गाड्या दोन. मुलीला गाडी लागते म्हणून ती जावयाशेजारी पुढे बसली. मागे नातवाचं खुर्चीवजा आसन, आणि त्याला सांभाळायला आजी. अशा रीतीने सगळं कुटुंब जावयाच्या गाडीत मावलं, आणि साहेबांच्या गाडीत साहेब आणि फळांची करंडी. करंडी सांडू नये म्हणून साहेबांनी तिला सीटबेल्ट लावला होता.

द्रुतगती मार्गावर तीन लेन होत्या. कडेची, म्हणजे आतली, सावकाश जाणाऱ्यांची, मधली मध्यमवर्गाची, आणि दुभाजकालगतची बाहेरची, पुढे जाणाऱ्यांची. एका टँकरला मागे टाकायला म्हणून साहेब बाहेरच्या लेनमध्ये गेले आणि तिथेच राहिले. त्यामागे त्यांचा स्वतंत्र विचार होता. अपघात लेन बदलताना होतात, तेव्हा लेन बदलूच नये. आणि आपण वेगमर्यादेच्या आकड्यावर काटा ठेवून चाललो आहोत, त्याअर्थी आपल्यापुढे जायचा अधिकार कायद्याने कोणालाच नाही. ज्याला अधिकारच नाही त्याची वाट आपण अडवतो कशी? मागचे दिवे लुकलुकवत होते, हॉर्न मारत होते. साहेबांनी काचा वर घेतल्या.

मागच्या गाड्यांत जावयाचीही गाडी होती. त्याने एकदा दिवा दाखवला, जरा वेळ थांबला, मग शांतपणे आतल्या लेनमध्ये उतरला. साहेबांच्या बाजूने सरळ पुढे आला आणि पुन्हा त्यांच्या समोर येऊन निघून गेला. जाताना मागच्या खिडकीतून बायकोने हात केला. नातवाने काचेला नाक चिकटवून जीभ दाखवली. साहेबांनी करंडीकडे पाहिलं. आता त्यांच्या बाजूचं तेवढंच कोणीतरी उरलं होतं.

ते मेव्हण्यांच्या घरी पोचले तेव्हा सगळ्यांचा चहा झाला होता. त्यांच्यासाठी ठेवलेल्या कपावर बशी पालथी घातलेली. साहेबांनी करंडी ठेवली, मेव्हण्यांच्या पोटाची चौकशी केली, आणि बशी न उचलताच विषयाला हात घातला.

"जावईबापू, आतल्या लेनमधून ओव्हरटेक करणं बेकायदा आहे, हे तुम्हाला ठाऊक असेलच."

"बाबा, मी बराच वेळ तुमच्या मागेच होतो हो," जावई हसून म्हणाला. "तुम्ही काही बाजूला होईनात. आतली लेन मोकळी होती. गेलो."

"मोकळी होती म्हणून? उद्या शेजाऱ्याचं घर मोकळं दिसलं तर आत शिराल?"

"दार उघडं असेल आणि शेजारी वाटेत आडवा झोपला असेल तर..."

"विनोद नको. कायदा कायदा आहे."

"पण कुठे लिहिलंय, बाबा? खरंच विचारतो. मला तरी माहीत नाही."

बायको हसली. मुलगी हसली. मेव्हणे दोन्ही हातांनी पोट धरून म्हणाले, "अरे, हसवू नका रे मला, टाके ताणतात." मुलगी म्हणाली, "बाबा, सोडा ना आता." पण साहेबांनी खात्यात आजवर कोणाला सोडलं नव्हतं. चहावर साय धरली होती. त्यांनी तो तसाच ठेवला.

घरी येऊन त्यांनी माळ्यावरून वाहन चालवण्याच्या नियमांची पुस्तिका काढली. परवाना मिळाला तेव्हाची होती. घोडागाडीला वाट कशी द्यावी, खिडकीतून हात काढून वळण्याची खूण कशी करावी, हे तीत सचित्र दिलेलं होतं. लेन हा शब्दच नव्हता. त्या काळी रस्ता एकच होता आणि माणसंही, साहेबांच्या मते, त्याच्या लायकीची होती.

दुसऱ्या दिवशी ते तळमजल्यावरच्या निवृत्त वकिलांकडे गेले. वकीलसाहेबांची उभी हयात घरमालक आणि भाडेकरू यांच्या दाव्यांत गेली होती. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

"आधी ओव्हरटेक म्हणजे काय ते ठरवावं लागेल," ते म्हणाले. "समजा, बाहेरच्या लेनचे तुम्ही मालक. आतल्या लेनमध्ये तो भाडेकरू. आता भाडेकरू स्वतःच्या खोलीतून चालत पुढच्या दाराने बाहेर पडला, तर मालकाची हरकत टिकत नाही. पण तो तुमच्या खोलीत होता का?"

"आधी माझ्या मागे होता. मग आत गेला. मग पुन्हा माझ्यापुढे आला."

"मग पोटभाडेकरू," वकील म्हणाले, आणि इतके गंभीर झाले की साहेबांना तिथून उठायलाच बरंच अवघड गेलं.

औषधांच्या दुकानदाराने त्यांना झोपेची तक्रार आहे का ते विचारलं. वरच्या मजल्यावरच्या बाई लिफ्टमध्ये म्हणाल्या, "आमचे हे तर कायम आतूनच जातात. त्यांना नाही काही झालं." त्यांना काहीतरी व्हावं अशी साहेबांची तेव्हा मनापासून इच्छा झाली. नाक्यावरच्या वाहतूक पोलिसाने विचारलं, "तुम्हाला कोणी ठोकलं का? नाही ना? मग घरी जा की, काका." 'काका' हे साहेबांना विशेष लागलं. शेवटी ते कोपऱ्यावरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेले. शाळा चालवणाऱ्या बाई खडूने फळ्यावर चौक काढत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "परीक्षेत विचारलं तर 'नाही' लिहायचं. रस्त्यावर विचारलं तर आरशात बघायचं."

"पण कायदा काय म्हणतो?"

"कायदा परीक्षेत असतो," बाई म्हणाल्या.

बायको रोज हे सगळं ऐकत होती. एका सकाळी टेबल पुसता पुसता म्हणाली, "तुमचा राग त्या पोरावर नाहीच. तुमच्या हाताखाली शिकलेला तो माणूस तुमचा साहेब होऊन बसला, त्याच्यावर आहे. त्याला काही सुनावता येत नाही, म्हणून याला धरलंय."

"या गोष्टीचा त्या गोष्टीशी संबंध नाही," साहेब म्हणाले, आणि वाहतूक कार्यालयात गेले.

तिथे चौकशीची खिडकी होती. चौकशीच्या खिडकीने परवान्याच्या खिडकीकडे पाठवलं, तिने महामार्ग कक्षाकडे, आणि महामार्ग कक्षाने, जिना चढून धाप लागलेल्या साहेबांना, पुन्हा चौकशीच्या खिडकीकडे. साहेबांना राग आला नाही, उलट कौतुक वाटलं. आपल्या कार्यालयात त्यांनी स्वतः कित्येकांना असं टोलवलं होतं, त्यामुळे कसबाची पारख होती. मान कुठे हलवायची, 'तिकडे' म्हणताना पेन कुठे रोखायचं, सगळं कसं वजनात.

"मला फक्त एक प्रश्न विचारायचाय," ते चौकशीच्या कारकुनाला म्हणाले. "आतल्या लेनमधून ओव्हरटेक करणं कायदेशीर आहे की नाही? लेखी उत्तर हवं."

"प्रश्नाचा अर्ज नसतो आमच्याकडे," कारकून म्हणाला. "तक्रारीचा आहे."

"पण माझी तक्रार नाही. प्रश्न आहे."

"तक्रार करा. निकाल लागेल. निकालात उत्तर असतंच की."

यात तर्क होता, आणि तर्कापुढे साहेब नेहमी वाकत. त्यांनी अर्ज घेतला, टेबलाशी बसून नीट अक्षरात भरत गेले. दिवस, वेळ, ठिकाण, घटनेचं स्वरूप. मग रकाना आला, वाहन क्रमांक. तो रिकामा ठेवला तर कारकून अर्ज घेईना. मनाचा आकडा टाकला तर ती खोटी माहिती, म्हणजे गुन्हा. साहेबांचं पेन थांबलं. खरं म्हणजे बरंच थांबलं. मागच्या माणसाने "काका, झालं का?" असं विचारेपर्यंत थांबलं. त्या वेळात ते उठून घरी जाऊ शकले असते. पण मग त्यांना मेव्हण्यांचं पोट आठवलं, दोन्ही हातांनी धरलेलं. त्यांनी जावयाच्या गाडीचा क्रमांक लिहिला आणि शेरा या रकान्यात, जागा कमी होती तरी, लिहिलं: 'सदर वाहन केवळ उदाहरणादाखल.'

शेरा कोणी वाचला नाही. शेरा वाचला जात नसतो हे त्यांना खात्यात राहून ठाऊक असायला हवं होतं.

पुढचं सगळं आपोआप झालं. त्या रस्त्यावर कॅमेरे होते. तक्रारीतली वेळ बघून कोणीतरी चित्रण काढलं, आणि गाडीच्या मालकाला नोटीस गेली. गाडीचा मालक जावई नव्हता, त्याची कंपनी होती. कंपनीचा नियम असा, की ज्याच्यावर वाहतुकीचं प्रकरण चालू आहे त्याच्या हातात गाडी द्यायची नाही. जावयाने किल्ली जमा केली. त्या महिन्यात त्याला विभागप्रमुख करायचं जवळजवळ ठरलं होतं; कंपनीच्या मोठ्या साहेबांनी तोंडी सांगूनही टाकलं होतं. आता 'प्रकरण मिटू दे, मग बघू' असं ठरलं. बिनगाडीचा दुरुस्तीवाला म्हणजे बिनवजनाचा तराजू. तो यंत्रांचे सुटे भाग पाठीवरच्या पिशवीत घालून बसने हॉस्पिटलं गाठू लागला.

तक्रारदार कोण, ते नोटिशीच्या तळाशी छापलेलं होतं.

मुलगी एकटीच आली. ती चप्पल न काढता दारातच उभी राहिली, यावरून साहेबांना प्रकरणाचं गांभीर्य कळलं.

"बाबा, तुम्ही त्यांच्यावर तक्रार केलीत?"

"तक्रार नव्हे. प्रश्न विचारला. नंबर उदाहरणादाखल..."

"उदाहरणादाखल माझा नवरा?"

"शेरा वाच तू. शेऱ्यात स्पष्ट लिहिलंय."

स्वयंपाकघराच्या दारातून बायको म्हणाली, "त्याच्या गाडीचा नंबर तुम्हाला पाठ होता. माझा वाढदिवस नसतो."

साहेबांना यावर उत्तर होतं, पण ते वाढदिवसाच्या बाजूने कमकुवत होतं.

"उद्या जा आणि तक्रार मागे घ्या," मुलगी म्हणाली. "बस्स. मला दुसरं काही ऐकायचं नाही."

आणि साहेब गेले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. खिडकी उघडायच्या आधीच जाऊन उभे राहिले. रात्रभर त्यांनी मनाशी कबूल केलं होतं, की चूक म्हणता येणार नाही, पण जरा जास्त झालं खरं.

"मागे घेता येते," तोच कारकून म्हणाला. "हा घ्या अर्ज. इथे सही करा. 'मी केलेली तक्रार खोटी होती' या वाक्याखाली."

"पण ती खोटी नव्हती."

"मग मागे कशाला घेताय?"

"घरगुती कारणासाठी."

"घरगुती कारणाचा रकाना नाही. खोटी होती म्हणून लिहा, आम्ही फाइल बंद करतो. तुम्हाला एक समज मिळेल. लेखी. ती तुमच्या खात्याकडे जाईल, तुम्ही सरकारी नोकर म्हणून."

साहेबांच्या डोळ्यांपुढे ती समज आपल्या कार्यालयात पोचली. हाताखाली शिकलेला तो माणूस चष्मा वर करून ती वाचतो आहे, मग पुन्हा वाचतो आहे, मग शिपायाला सांगतो आहे की जरा निरीक्षकसाहेबांना बोलवा. आयुष्यभर दुसऱ्यांची खोटी वजनं जप्त केलेल्या माणसाने खोटी तक्रार केली! पेन हातात होतं. सही करायला जागा ऐसपैस होती. मुलगी घरी फोनची वाट बघत होती.

त्यांनी अर्ज परत दिला.

"लिहायचं ना बाबा, खोटी होती म्हणून," मुलगी फोनवर म्हणाली. आवाज रडवेला नव्हता, थकलेला होता. "एक सही."

"अगं, पण मी पाहिलं होतं ना. तो आतून गेलाच होता."

 पलीकडून फोन बंद झाल्याचा आवाज आला.

सुनावणीला सगळे हजर होते. अधिकाऱ्याला सर्दी झाली होती. दर दोन वाक्यांमागे तो रुमालात शिंकायचा आणि 'माफ करा' म्हणायचा. साहेबांनी मुद्दे काढून आणले होते. जावई हात बांधून बसला होता. त्याच्या पायाशी ती पिशवी होती, कारण इथून तो थेट कामाला जाणार होता. मुलगी नवऱ्याच्या बाजूच्या बाकावर, आणि बायको, सगळ्यांच्या देखत, मुलीच्या शेजारी.

"तुम्ही आतल्या लेनमधून यांच्यापुढे गेलात?" अधिकाऱ्याने जावयाला विचारलं.

"हो, गेलो. मान्य आहे."

झालं. साहेबांचे सगळे मुद्दे हातातच राहिले. ज्या भांडणासाठी ते आठवडेच्या आठवडे तयारी करत होते, त्यात समोरचा उतरलाच नाही.

"आता चित्रण बघू," अधिकारी म्हणाला आणि पडदा त्यांच्याकडे वळवला.

चित्रणाला आवाज नव्हता. वरून दिसणारा रस्ता, आणि बाहेरच्या लेनमध्ये साहेबांची गाडी. इतकी लहान आणि इतकी एकटी, की साहेबांना ती आधी ओळखूच आली नाही. शेजारच्या दोन्ही लेन मोकळ्या. आणि मागे गाड्यांची रांग, मुंग्यांसारखी, पडद्याच्या कडेपर्यंत. एकेक मुंगी वैतागून आत उतरायची, पुढे जायची. जावयाची गाडी आली, गेली. त्याच्यामागे आणखी दोघं गेले. मग वर दिवा फिरत असलेली एक पांढरी गाडी साहेबांच्या मागे येऊन अडकली. ती एकदा बाहेर डोकावली, दुभाजकापाशी जागा नव्हती. पुन्हा मागे आली. काही वेळ तशीच राहिली. शेवटी तीही आतून गेली.

अधिकाऱ्याने चित्र थांबवलं. "ही पाहिलीत?"

खोलीत सगळ्यांनी ती पाहिली होती. ती रुग्णवाहिका होती. बाकावर बायकोने तोंडाला पदर लावला. आता इथे माणसाने 'चुकलं' म्हणावं, किंवा काहीही बोलू नये, एवढंच शहाणपण पुरलं असतं. पण साहेबांचं तोंड त्यांच्या आधी उघडलं.

"तिला आतून जायची परवानगी असते का?" त्यांनी विचारलं.

अधिकारी शिंकणार होता, तो शिंकायचा राहिला. जावयाने पहिल्यांदाच मान वळवून सासऱ्यांकडे पाहिलं. रागाने नव्हे. बंद पडलेल्या यंत्राचं झाकण उघडून आत बघावं आणि हे आपल्याच्याने होणार नाही असं कळावं, तसं.

"मला खरंच ऐकू आलं नव्हतं," साहेब म्हणाले. हे खरं होतं. काचा वर होत्या.

निकाल तिथल्या तिथेच लागला. आपल्या लेनमध्ये राहून, बाहेरची रांग तुंबलेली असताना पुढे सरकणं वेगळं. मुद्दाम आत उतरून, पुढे जाऊन, पुन्हा बाहेर येणं वेगळं. दुसरा प्रकार बेकायदा. जावयाने दुसरा केला, म्हणून त्याच्या परवान्यावर नोंद. आणि पुढे जायच्या लेनमध्ये, पुढे कोणीही नसताना, ठाण मांडून बसणं हाही गुन्हाच. म्हणून साहेबांच्याही परवान्यावर नोंद, शिवाय मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पुन्हा प्रशिक्षण. "तुम्ही तक्रार केली नसती," अधिकारी रुमाल शोधत म्हणाला, "तर हे कोणी बघितलंसुद्धा नसतं."

बाहेर जिन्यापाशी जावई पिशवीचे पट्टे खांद्यावर चढवत होता. साहेब त्याच्याजवळ गेले. काय बोलायचं ते त्यांच्या मनात होतं. निदान मनात तरी ते चांगलं होतं.

"बघा," ते म्हणाले, "लिहिलेलं होतं."

जावयाने मान हलवली आणि बस चुकू नये म्हणून भराभर जिना उतरून गेला.

त्याचं विभागप्रमुखपद दुसऱ्या कोणाला तरी मिळालं. परवान्यावर नोंद असलेल्याला कंपनीची गाडी वर्षभर मिळत नाही, हा कंपनीचा आणखी एक नियम निघाला. नियमांना तोटा नव्हता. साहेबांना ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पाठवलं ते त्याच कोपऱ्यावरच्या बाईंकडे, आणि बसवलं नव्या परवान्यासाठी आलेल्या कॉलेजातल्या पोरांत. बाईंनी फळ्यावर तीन लेन काढल्या, बाहेरच्या लेनमध्ये खडूने एक चौकोन काढला आणि विचारलं, "हा इथे का बसलाय, कोण सांगेल?" पोरं साहेबांकडे बघायला लागली. बातमी त्यांच्या आधी शाळेत पोचली होती. वकीलसाहेबांनी मात्र इमारतीत सगळ्यांना सांगितलं, की पोटभाडेकरूचा मुद्दा नीट मांडला असता तर निकाल फिरला असता.

मग बायकोने एक दिवस बॅग भरली. जावई पहाटेच्या बसने निघतो, मुलीला नातवाला पाळणाघरात सोडून कामावर जायचं, दोघांची दमछाक होते. तेव्हा मी काही दिवस तिकडे राहते, असं तिने सांगितलं. काही दिवस म्हणजे किती, हे साहेबांनी विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एखादं माप न विचारता सोडून दिलं.

"मी सोडतो," ते म्हणाले.

"स्टँडपर्यंत रिक्षा..."

"मी सोडतो."

द्रुतगती मार्गावर त्यांनी गाडी आतल्या लेनमध्ये घातली. पुढे विटांचा ट्रक होता, चालत्या माणसाला लाजवेल अशा गतीने. मधली लेन मोकळी होती, बाहेरची मोकळी होती. काचेवर लाल धूळ बसत होती.

"जा की पुढे," बायको म्हणाली.

"जातो," साहेब म्हणाले, आणि गेले नाहीत. आरशात बघितलं की मागे ती रांग दिसायला लागायची. रांग नसली तरी दिसायची. ते दोघं विटांच्या मागे मागे मुलीच्या घरापर्यंत गेले.

रस्ताभर त्यांनी एक वाक्य तयार केलं होतं. 'चूक माझी होती' हे फार उघडंबोडकं वाटलं, म्हणून त्यांनी ते 'चुकीचा आरंभ माझ्याकडून झाला' असं केलं, आणि मग ते खात्याच्या पत्रासारखं वाटलं म्हणून पुन्हा पहिलंच ठेवलं. दार जावयानेच उघडलं. तो नुकताच आला असावा. शर्टावर पिशवीच्या पट्ट्यांचे दोन ओले पट्टे उमटले होते. त्याने सासूबाईंची बॅग घेतली, आत नेऊन ठेवली आणि परत दारात आला.

"मला जरा बोलायचं होतं," साहेब म्हणाले.

"बाबा, तुमचं बरोबर होतं," जावई म्हणाला. "मी आतून जायला नको होतं. तुम्ही म्हणत होता ते लिहिलेलं होतं."

मेव्हण्यांच्या घरी बशी न उचलता बसले होते, तेव्हापासून साहेबांना हे आणि एवढंच ऐकायचं होतं. ऐकलं. त्यांनी तयार केलेलं वाक्य त्यावर कुठेच बसेना. आधीच उतरलेल्या तराजूत आणखी एक वजन टाकल्यासारखं झालं असतं.

"तसं नाही," ते म्हणाले. "म्हणजे... बाहेरच्या लेनमध्ये मी..."

आतून नातू रडला. मुलीचा आवाज आला, "आई, त्याचं दूध बघतेस?" बायकोच्या पावलांचा आवाज, भांड्याचा आवाज, पाण्याचा नळ. त्यांना आत बोलवायचं कोणी मुद्दाम टाळलं असं म्हणता येणार नाही. घरात कामं होती, आणि प्रत्येक जण आपापल्या कामाला लागलं होतं. जावई उंबऱ्याशी अदबीने उभा होता. पुढे काय असेल ते ऐकून घ्यायला तयार, घाई न करता.

"निघतो मग," साहेब म्हणाले.

"बरं. सावकाश जा, बाबा."

निघणाऱ्या माणसाला सगळेच असं म्हणतात. पण साहेब थबकले, वळले, आणि त्यांनी जावयाच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. त्यात कुठे टोमणा आहे का, ओठाच्या कोपऱ्यात जुनं हसू लपलंय का, ते त्यांनी बारकाईने शोधलं. काही नव्हतं. तो मनापासून म्हणाला होता. थोडासा टोमणा असता, अगदी चिमूटभर, तरी त्यांना घरी जायला पुरला असता.

त्यांच्यामागे दार हळूच लागलं, आपटलं नाही.